उपरण्याच्या तीन गाठी

एका राज्यात आश्विन शुद्ध एकादशीच्या सकाळी गवतावर दव होते, वारा पूर्वेचा होता आणि आकाशात ढगाचा मागमूस नव्हता. तरी दिवस हातभर वर आला असताना राजवाड्याच्या मुदपाकखान्यावर सावली पडली. सावली कशाची म्हणून आचारी बाहेर आला, तर दारात झाकोळनाथ मांत्रिक उभा.

झाकोळनाथाला हवा होता चुलीखालचा तांब्याचा हंडा. सात पिढ्यांपूर्वी तो तिथे पुरला होता आणि त्याला शाप होता, की जो उघडेल त्याचे घर ओस पडेल. हंड्यात काय आहे ते कोणी पाहिले नव्हते. राजा उदयभानाने पाहिले नाही, त्याच्या बापाने नाही, आज्यानेही नाही.

"हंडा दे," झाकोळनाथ म्हणाला.

"देणार नाही," राजा म्हणाला.

"मग घर आधीच ओस पाडतो. ओस घरातला हंडा उघडायला भय कसले?"

त्याने तळहातावरची राख फुंकली. वाड्यात बारा चाकर होते. बाराही जण पक्षी होऊन मुदपाकखान्याच्या तुळयांवर जाऊन बसले. आचारी गुंडोपंत कावळा झाला. पाणी भरणारा दौला बगळा झाला. झाडलोट करणारी म्हाळसा चिमणी झाली. आणि भिवरादाई, जिने राजाचे दोन्ही मुलगे अंगाखांद्यावर वाढवले, ती साळुंकी झाली.

शापामागून उःशाप सांगितल्याशिवाय शाप लागत नाही, असा मांत्रिकांचा जुना नियम आहे. म्हणून झाकोळनाथाने तोही सांगितला.

"राजरक्ताच्या एकाने रोज एक अशी तीन कामे स्वतःच्या हातांनी करावी. पहिल्या दिवशी रांजण भरावा. दुसऱ्या दिवशी अंगण झाडावे. तिसऱ्या दिवशी दूध तापवावे, थेंब न सांडता. काम पुरे झाले की मुदपाकखान्याच्या उंबरठ्यावर उभे राहून 'झाले' म्हणावे. तिन्ही 'झाले' खरी ठरली तर चाकर पुन्हा माणसे होतील. एक जरी खोटे ठरले तर म्हणणाराही तुळईवर जाईल. आणि पौर्णिमेचा सूर्य मावळला, की जो पक्षी तो पक्षीच."

"एवढेच?" थोरला राजपुत्र रणधीर हसला.

"एवढेच," झाकोळनाथ म्हणाला आणि धुरासारखा विरून गेला.

द्वादशीला रणधीराने दंड थोपटले. चाळीस घागरी त्याने दिवस डोक्यावर येण्याआधी ओतल्या. वाकून पाहिले, रांजण काठोकाठ. उंबरठ्यावर पाय रोवून तो गरजला, "झाले!" आणि गरजता गरजता त्याच्या डोक्यावर तांबडा तुरा उगवला. थोरला राजपुत्र कोंबडा होऊन तुळईवर चढला. राजाने रांजणात काठी घातली. पाणी अर्ध्यावर होते.

आता राहिले तीन दिवस आणि तीन कामे. आणि राहिला धाकटा राजपुत्र, मौनध्वज.

मौनध्वजाला सव्विसावे वर्ष होते आणि त्यातली निम्मी वर्षे त्याने उत्तरेच्या खिडकीत घालवली होती. कोणते पाखरू कोणत्या महिन्यात येते, कधी गाते, कधी गप्प होते, हे त्याला ठाऊक होते. आपले धुतलेले धोतर कुठे ठेवतात हे ठाऊक नव्हते. ते ठेवणाऱ्याला विचारावे लागले असते, म्हणून एकदा त्याने तीन दिवस चादर नेसून काढले होते. माणसांचा त्याला राग नव्हता. माणसे आली की बोलावे लागते, एवढीच त्याची तक्रार होती.

त्याहून मोठी खोड वेगळी होती. एखादे काम करायचे ठरले, की तो ते आधी मनात करी. दिवा लावायचा तर वात कशी वळावी, तेल किती ओतावे, ज्योत कशी कापेल, सगळे मनात इतके बारीक उभे राही, की मग त्याला दिवा लावल्याचे आठवे. खरे आठवे, बोटांना तेलाचा ओशटपणा लागल्यासकट आठवे. आणि दिवा कोनाड्यात कोरडा पडलेला असे.

लहानपणी भिवरादाईने त्यावर एक उपाय घालून दिला होता. "बाळराजे, तुमची आठवण म्हणजे गोडबोल्या पाहुणा. तिच्या शब्दावर जेवण वाढू नका. काम झाले का, हाताने चाचपा. चाचपून झाल्यावर उपरण्याला गाठ मारा. गाठ नाही, तर काम नाही." पुढे चाकर वाढले, कामे संपली आणि गाठीही संपल्या.

राजाने त्याला बोलावले.

"मौनध्वजा, मी उंबरठ्यावर गेलो आणि माझे 'झाले' खोटे ठरले, तर राजाचा शब्द खोटा ठरेल. म्हणून मला जाता येत नाही. तुला जावे लागेल."

"जातो, महाराज."

"परवा तुला पाणी पी म्हटले, तर पेला हातात धरून तू घटकाभर उभा होतास."

"पाण्यात छत दिसत होते."

राजाने कपाळाला हात लावला. तुळईवरून कोंबडा आरवला, "बुडाले राज्य!" बाकीचे पक्षी हसले. साळुंकी हसली नाही. ती खाली येऊन मौनध्वजाच्या मनगटावर बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "अहो, तुम्ही... काय बरे तुमचे नाव?"

दाई सगळ्यांत म्हातारी, म्हणून तिचे माणूसपण सगळ्यांत आधी ओसरत होते. कालपर्यंत ती घडाघडा बोलत होती. आज तिची नावे गेली. उद्या वाक्ये जातील, परवा शब्द. आणि शेवटचा शब्द पौर्णिमेच्या सूर्याबरोबर गेला, की तिच्या गळ्यात नुसती साळुंकी उरेल. ज्या एका माणसाशी बोलताना त्याला आधी मनात उजळणी करावी लागत नसे, ते माणूस जाईल.

त्याने खुंटीवरचे उपरणे खांद्यावर टाकले.

त्रयोदशीला सकाळी धुके होते, ते लवकर निवळले. मौनध्वज घागर घेऊन विहिरीवर गेला. विहिरीच्या कठड्यावर दोन शिपाई बोलत बसले होते. मौनध्वज औदुंबराच्या आड थांबला. जाऊन 'राम राम' म्हणावे, की 'काय चालले आहे' म्हणावे? 'काय चालले आहे' म्हटले तर ते सांगू लागतील. 'राम राम' म्हणून गप्प राहिलो तर, हे रागावले की काय, असे त्यांना वाटेल. त्याने दोन्ही बोलणी मनात चार-चार वेळा म्हणून पाहिली. तेवढ्यात दोन घटका गेल्या.

छपरावरून बगळा ओरडला, "धाकटे राजे, पाणी विहिरीला आहे, झाडाला नाही! आणि ते दोघे तुमचे शिपाई आहेत, सासरे नव्हेत!"

शिपाई दचकून उठले, मुजरा करून निघून गेले. मौनध्वजाने सुस्कारा सोडला आणि पोहरा आत सोडला.

एक घागर, दोन घागरी, दहा घागरी. दर घागरीत आकाशाचा वेगळा तुकडा येई आणि तो सांडू नये म्हणून मौनध्वज सावकाश चाले. कावळा वरून म्हणाला, "आमच्या वेळी पाणी भरत. हे देव्हाऱ्यातली मूर्ती आणतायत." चिमणी म्हणाली, "वाटेत निम्मे अंगणाला पाजले! उद्या झाडायला चिखल."

सगळे बोलत होते. बोलत नव्हता तो एकच पक्षी, तुळईच्या टोकाशी बसलेला, काळाभोर, लाल डोळ्यांचा कोकीळ. दुपारी मौनध्वज दम खायला टेकला, तेव्हा तो मऊ स्वरात म्हणाला, "छान चालले आहे, राजपुत्रा. घाई नको."

"आपण कोण?"

"मी दिवेकरी. दसऱ्याला चाकरीला लागलो, एकादशीला पक्षी झालो."

मौनध्वजाला बरे वाटले. हा काही मागत नव्हता, टोचत नव्हता, उत्तराची वाट पाहत नव्हता. पण मनाच्या एका कोपऱ्यात काहीतरी खडा रुतल्यासारखे झाले. काय ते कळेना. तो पुन्हा विहिरीकडे वळला.

दिवस कलला तेव्हा कोकीळ म्हणाला, "झाले, राजपुत्रा. पाहा, काठोकाठ आहे. उंबरठ्यावर जा आणि म्हण."

मौनध्वजाने पाहिले. पाणी काठाला लागून थरथरत होते. आपण आत हात घालून पाहिल्याचेही त्याला आठवत होते. पाणी गार होते. हात पुसून उपरण्याला गाठ मारली होती, निळ्या काठाजवळ. तो उंबरठ्यावर जाऊन उभा राहिला. तोंड उघडले. आणि सवयीने हात निळ्या काठाकडे गेला.

गाठ नव्हती.

आठवण होती, गाठ नव्हती. तो तोंड मिटून परत आला.

"काय झाले?" कोकिळाने विचारले.

"माझा माझ्यावर विश्वास नाही," मौनध्वज म्हणाला.

त्याने रांजणात हात घातला. डोळ्यांना पाणी काठावर दिसत होते, आणि हात कोपरापर्यंत कोरडा! तेव्हा त्याला उमगले, की झाकोळनाथाची विद्या डोळ्यांवर चालते, हातावर चालत नाही. रणधीराने डोळ्यांनी पाहिले, कारण रणधीराला आजवर कधी स्वतःचा संशय आला नव्हता.

"हात कशाला घालतोस? दिसते ते खरे," कोकीळ म्हणाला.

डोळे मिटून मौनध्वजाने आणखी एकवीस घागरी ओतल्या. काठाशी ठेवलेला तळहात भिजला, तेव्हा त्याने गाठ मारली, गाठ दोनदा चाचपली, आणि सूर्य मावळायच्या आत उंबरठ्यावर म्हटले, "झाले."

चुलीखाली काहीतरी घरंगळले. हंडा वीतभर खोल गेला. मौनध्वजाच्या पाठीवर पिसे उगवली नाहीत.

चतुर्दशीला वारा पश्चिमेचा होता आणि पिंपळाची पाने गळत होती. साळुंकीकडे आता तीन शब्द उरले होते. ती ते जपून वापरत होती. सकाळी तिने दोन वापरले, "पायाने बघा." मग चोच मिटून बसली.

अंगण वाड्याच्या चारी अंगांना पसरले होते. ते झाडायला म्हाळसेला एक प्रहर लागे. मौनध्वजाला पहिला प्रहर खराटा शोधायला लागला. कुठे आहे ते म्हाळसेला विचारायचे त्याच्या जिवावर आले होते. त्याने कोठार पाहिले, गोठा पाहिला, देवघराच्या मागे पाहिले. शेवटी चिमणीच त्याच्या डोक्याभोवती भिरभिरत किंचाळली, "दाराआड आहे, दाराआड! वीस वर्षे दाराआड आहे! तोंड आहे का नुसती मिशी?"

तो झाडू लागला. पूर्वेच्या कोपऱ्यात मुंग्यांची रांग होती. तिला वळसा घालून तो पश्चिमेकडून सुरू झाला. तिथे एका पानाला जाळी पडली होती, म्हणून ते पान त्याने उचलून उन्हात धरले. मग दक्षिणेकडून सुरू झाला. दुपारपर्यंत चार कोपऱ्यांत चार अर्धी कामे उभी राहिली आणि मधोमध केराचा मोठा ढीग झाला. ढिगाला एक डोंगर होता, दोन नद्या होत्या, एक बंदर होते. मौनध्वज खराट्यावर हनुवटी टेकून त्या देशात जाऊन आला.

"अहो, केर आहे तो!" चिमणी म्हणाली.

"किती सुंदर," कोकीळ म्हणाला. "असू दे तसाच. बाकी अंगण तर लख्ख झाले आहे. पाहा."

मौनध्वजाने पाहिले. अंगण आरशासारखे होते. ढीगसुद्धा आता दिसत नव्हता. पण म्हाळसा अजून शिव्या देत होती आणि दिवेकरी कौतुक करत होता. मौनध्वजाला कौतुक ऐकायची सवय नव्हती. सव्वीस वर्षांत वाड्यात त्याच्या कामाला कोणी 'छान' म्हटले नव्हते, आणि म्हणण्याजोगे त्याने काही केलेही नव्हते. मग हाच एक का म्हणतो?

विचारावे, असे त्याला वाटले. सगळ्यांना मोठ्याने विचारावे, की याला ओळखता का? पण काल त्याने याचे बोलणे मान डोलावून ऐकून घेतले होते. आज पुन्हा 'तू कोण' म्हणून विचारायचे, म्हणजे काल ऐकलेच नाही असे होईल. याला वाईट वाटेल. सगळे वळून पाहतील. मौनध्वजाने संशय गिळला आणि जोडे काढले.

डोळे मिटून तो अनवाणी अंगणभर चालला. पायाला खडा लागला तिथे झाडले. काडी लागली तिथे झाडले. मधोमध गुडघाभर केरात पाय गेला, तेव्हा त्याने तो देश डोंगरासकट टोपलीत भरला आणि परसात नेऊन टाकला. टाकताना बंदरापाशी तो क्षणभर थांबला, पण टाकला. मुंग्यांना त्याने शेवटी एक मोठे पान आडवे घालून दिले, तशा त्या स्वतःहून भिंतीकडे वळल्या. मग सारे अंगण पायाने पुन्हा एकदा तपासून त्याने दुसरी गाठ मारली.

"झाले."

हंडा आणखी वीतभर खोल गेला. चिमणी म्हणाली, "कोपरे मी असते तर अजून काढले असते." पण ती हे पिसे फुलवून म्हणाली.

कोकिळाने मौनध्वजाच्या उपरण्याकडे लाल डोळ्यांनी पाहिले.

पौर्णिमेला सकाळी आकाश स्वच्छ होते, वारा पडला होता. साळुंकीकडे एकच शब्द उरला होता. तो कोणता, हे कोणालाही ठाऊक नव्हते. ती चोच घट्ट मिटून चुलीवरच्या खुंटीवर बसली होती. राजा दाराबाहेर पाटावर बसला होता. चार दिवस त्याने चणे खाल्ले होते.

चूल पेटवण्यात मौनध्वजाची दुपार गेली. धुराचे पहिले वेटोळे वर गेले, ते पाहत राहिला आणि चूल विझली. दुसऱ्या खेपेलाही तेच झाले. तिसऱ्या खेपेला कावळा खाली उतरून त्याच्या पुढ्यातच बसला. "धाकटे राजे, धूर मी बघतो. तुम्ही लाकडे बघा. आजोबांपासून आमच्या घरात आचारीपण आहे, पण चुलीच्या प्रेमात पडलेला गडी मी आजच पाहिला." चूल पेटली. पातेल्यात पाच शेर दूध ओतले आणि पातेले चुलीवर चढले.

आता मौनध्वजाला भीती वाटली. पाण्यात हात घालता येतो. अंगणावर पाय ठेवता येतो. तापत्या दुधात काय घालायचे? डोळ्यांवर विश्वास नाही, आठवणीवर नाही, आणि दूध तर पापणी लवते न लवते तोच उतू जाते. गाठ मारायची ती चाचपून. आणि चाचपायचे कसे?

तेव्हा साळुंकीने चोच उघडली.

"पळी," ती म्हणाली.

तोच तिचा शेवटचा शब्द होता. तिने त्याचे नाव राखून ठेवले नव्हते, स्वतःचेही नाही. तिने पळी राखून ठेवली होती. तो शब्द बोलताच तिने चोच मिटली, आणि सूर्य मावळायला तीन घटका उरल्या.

"म्हातारीचे मन भ्रमले आहे," कोकीळ म्हणाला. "तू निवांत बस, राजपुत्रा. मी दुधावर लक्ष ठेवतो."

मौनध्वजाने भिंतीवरची लांब दांड्याची लाकडी पळी काढली आणि दुधात उभी धरली. दूध शांत दिसत होते. पण दांड्यातून तळहाताला बारीकशी गुणगुण लागत होती, लांबून गाडी येताना जमिनीला लागते तशी. दाईला म्हणायचे होते ते हे होते. हात पळीवर ठेवायचा आणि पळी सोडायची नाही.

पण मौनध्वज स्वतःला ओळखून होता. पळी धरल्याचे त्याला आठवत राहील, आणि हात केव्हाच मांडीवर येऊन पडलेला असेल. आजवर त्याने गाठ मारली ती काम झाल्यावर. आज त्याने उपरण्याचे दुसरे टोक घेतले, उजव्या हाताचे मनगट आणि पळीचा दांडा एकत्र गुंडाळले आणि दातांनी ओढून करकचून गाठ मारली. तिसरी गाठ कामाच्या आधी पडली.

तेव्हा कोकीळ गाऊ लागला.

असे गाणे त्या वाड्यात कोणी ऐकले नव्हते. कावळ्याने मान खाली घातली, कोंबड्याने डोळे मिटले. दाराबाहेर राजाच्या हातातले चणे गळाले. कुहू, कुहू, एकेक स्वर आधीच्यापेक्षा वर चढत होता. मौनध्वजाची नजर धुरावर गेली, धुराबरोबर छपरावर गेली, छपराच्या झरोक्यातून बाहेर गेली. चैत्रातली आमराई दिसली, मोहोर दिसला, उत्तरेची खिडकी दिसली. खिडकीत तो स्वतः बसला होता आणि मोहोरात कोकीळ गात होता.

चैत्रात.

मनाच्या कोपऱ्यात रुतलेला खडा आता हलला. कोकीळ चैत्रात गातो, वैशाखात गातो, आषाढापर्यंत गातो. पावसाबरोबर तो उणावतो आणि आश्विनात त्याचा आवाज कोणी ऐकलेला नाही. तेरा वर्षे त्या खिडकीत बसून मौनध्वजाने एवढेच एक काम पुरे केले होते.

त्याच क्षणी तळहातातली गुणगुण थरथर झाली आणि थरथरीचा धडधडाट झाला. डोळ्यांना दूध तळ्यासारखे निश्चल दिसत होते. पळी मात्र मनगट हलवत होती. मौनध्वजाने डाव्या हाताने चुलीतले जळते लाकूड बाहेर खेचले, मग दुसरे, मग तिसरे. दांड्यावर दोन बोटे वर चढलेली ऊब हळूहळू खाली उतरली. थरथर बसली.

गाणे थांबले.

"हे काय केलेस?" कोकीळ म्हणाला. "दूध अजून तापले नाही. लाकडे आत सार."

मौनध्वजाने वर पाहिले. पहिल्या दिवशी रांजण अर्धा असताना हा 'झाले' म्हणाला. दुसऱ्या दिवशी केर गुडघाभर असताना 'झाले' म्हणाला. आज पहिल्यांदा हा 'झाले नाही' म्हणत होता.

आता विचारणे भाग होते. मौनध्वजाने वाक्य मनात एकदा म्हटले, दुसऱ्यांदा म्हटले. तिसऱ्यांदा म्हणायला वेळ नव्हता. दारात ऊन तांबूस झाले होते. आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा तो भरल्या घरात मोठ्याने बोलला.

"मंडळी, मला क्षमा करा. हे परवाच विचारायला हवे होते. हा कोकीळ कोण? माणूस असताना याला कोणी पाहिला आहे का?"

तुळयांवरचे पक्षी एकमेकांकडे पाहू लागले.

"मला वाटले गुंडोपंतांनी ठेवला," बगळा म्हणाला.

"मी? मला वाटले म्हाळसेचा कोणी असेल," कावळा म्हणाला.

"माझा कशाला? माझ्या माहेरी कोणी एवढे गोड बोलत नाही!" चिमणी म्हणाली.

"दिवेकरी नेमलाय का, महाराज?" मौनध्वजाने दाराकडे पाहून विचारले.

"वाड्यात दिवे भिवराच लावते," राजा बाहेरून म्हणाला. "चाळीस वर्षे तीच लावते."

कोकिळाची सावली भिंतीवर पडली होती. ती पक्ष्याची नव्हती.

"राजपुत्रा," तो म्हणाला, आणि आता आवाज मऊ नव्हता, "तुला स्वतःचाच भरवसा नाही. दूध तापले की नाही, हे तू कशावरून म्हणतोस? खोटे ठरलास तर जन्मभर पाखरू राहशील. गप्प बसलास तर निदान खिडकी तरी राहील. तुला तेवढेच हवे असते ना?"

ते खरे होते, आणि म्हणून ते मौनध्वजाला लागले. त्याने चुलीवरच्या खुंटीकडे पाहिले. साळुंकी मान वाकडी करून त्याच्याकडे पाहत होती, जशी कोणतीही साळुंकी कोणाकडेही पाहते. तिच्या डोळ्यांत ओळख नव्हती.

त्याने डाव्या हाताने मनगटावरची गाठ चाचपली. गाठ होती. डोळे मिटून पातेल्याचा काठ बाहेरून बोटाने सबंध फिरून पाहिला. बोट भाजले, पण बोट कोरडे होते. चुलीच्या जोत्यावर तळहात ठेवला. जोतेही कोरडे होते. पळी दुधातून काढून त्याने दूध ओठांना लावले. ओठ पोळले.

मग हाताला बांधलेल्या पळीसकट तो उठला आणि उंबरठ्यावर गेला. पाठीमागून कोकीळ झेपावला. कोंबडा, कावळा, बगळा, चिमणी सगळे एकदम त्याच्या आडवे आले. पिसे उडाली. सूर्याची कडा भिंतीवर टेकली होती.

"झाले," मौनध्वज म्हणाला.

आश्विन पौर्णिमेला सूर्यास्ताला अर्धी घटका असताना बारा चाकर आणि थोरला राजपुत्र रणधीर तुळयांवरून खाली आले. दौल्याचा उजवा पाय मुरगळला. तुळईवर एक कोकीळ राहिला. सूर्य मावळला, आणि झाकोळनाथाला त्याचाच नियम लागला. तो त्यानंतर माणसासारखा बोलला नाही आणि फाल्गुन संपेपर्यंत गायलाही नाही. चुलीखाली सात हात खणून पाहिले, हंडा लागला नाही. रांजण भरलेला होता, अंगणात चार पिसांखेरीज केर नव्हता. दूध पाच शेर मोजून भरले. ते त्या संध्याकाळी वाड्यात वाटले, राजाला दोन पेले मिळाले. भिवरादाई खुंटीखाली उभी राहून पहिले वाक्य बोलली, ते असे होते: "बाळराजे, हात पुढे करा." उपरण्याच्या दोन गाठी तिने नखाने सोडवल्या. तिसरी सुटली नाही, ती विळीवर कापावी लागली.